जुन्या शेवरले ३१०० पिकअपची केबिन एस-१० च्या चासीवर: मापं, कापणी, जोडणी

ओळंबा

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींकडून हा विषय वरचेवर निघतो, म्हणून सगळं एका धाग्यात घेतोय.

गाडी कोणती, ते आधी. १९४७ च्या मध्यावर आलेली आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत निघालेली शेवरलेची 'ॲडव्हान्स डिझाइन' पिकअप. गोलसर बोनेट, १९५३ पर्यंत पाच आडव्या पट्ट्यांची ग्रिल, फुगीर मडगार्ड. अर्ध्या टनाच्या गाडीला ३१०० म्हणतात. हिच्या मूळ चासीत पुढे सरळ धुरा आणि पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, सहा व्होल्टची वीज, आणि १९५४ पर्यंत नळीत बंद असलेला प्रोपेलर शाफ्ट. डिफरन्शियल ४.११ चं, त्यामुळे हमरस्त्याच्या वेगाला इंजिन सतत ओरडत राहतं. एस-१० ही शेवरलेचीच छोटी पिकअप, मॉडेल-वर्षं १९८२ ते २००४. तिच्या चासीसोबत पुढचं स्वतंत्र सस्पेन्शन, पुढचे डिस्क ब्रेक, पॉवर स्टीअरिंग, (पहिली काही वर्षं सोडली तर) इंजेक्शनचं इंजिन आणि ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्स एकाच सौद्यात येतात. ओढ तिथेच आहे.

आता मापं. ३१०० चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या धुऱ्यांमधलं अंतर, ११६ इंच. एस-१० दोनचाकी-ड्राइव्हमध्ये तीन व्हीलबेस: साधी केबिन आणि आखूड हौदा (मागचा सामानाचा भाग) १०८.३, साधी केबिन आणि लांब हौदा ११७.९, वाढीव केबिन १२२.९ इंच. लांब हौद्याची चासी मिळाली तर फरक १.९ इंचाचा. वाढीव केबिनची घेतली तर ६.९ इंच, म्हणजे १७५ मिलिमीटर कापावे लागतात. आखूड चासीला ७.७ इंचांचा तुकडा घालावा लागतो. पसंती याच क्रमाने. चारचाकी-ड्राइव्हची चासी या कामाला घेऊ नका. तिच्या पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळया) असतात आणि गाडी उंच बसते.

भंगार-यार्डात चासी बघताना हातोडी न्या. मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांतल्या चासी मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ (पाटे चासीला धरणारे ब्रॅकेट) आणि इंधन टाकीच्या वर आतून कुजलेल्या असतात. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर सोडा. ॲरिझोना-टेक्सासची चासी चार पैसे जास्त देऊनही परवडते.

कापणीला हात लावण्याआधी एक गोष्ट, आणि माझ्या मते या कामात हिच्याइतकी महत्त्वाची दुसरी नाही. पुढचं चाक पुढच्या मडगार्डच्या कमानीत मधोमध बसलं पाहिजे. गाडी बघणाऱ्याचा डोळा पहिला तिथेच जातो. चाक अर्धा इंच जरी मागे राहिलं तरी सगळी गाडी घसरल्यासारखी दिसते, आणि नंतर ते सुधारायचं तर केबिनचे सगळे माउंट (केबिन चासीवर बसते त्या जागा) पुन्हा करावे लागतात. म्हणून क्रम असा: चासी घोड्यांवर (स्टँडवर) चारही बाजूंनी लेव्हलमध्ये. सस्पेन्शन गाडीच्या वजनाखाली बसेल त्याच उंचीला अडकवलेलं. त्यासाठी पुढच्या स्प्रिंग काढून शॉकॲबच्या जागी आटे पाडलेली सळई लावा आणि खालचा आर्म साधारण आडवा येईल तिथे नट आवळा. मागचे पाटेही तसेच, धुरा आणि चासी यांच्यात लाकडी ठोकळा घालून. त्यावर केबिन, पुढचे मडगार्ड, रेडिएटर सपोर्ट आणि बोनेट असं सगळं एकत्र जोडून लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. मग कमानीच्या मध्यातून ओळंबा सोडा. तो हबच्या मध्यावर पडेपर्यंत सगळा पत्रा पुढे-मागे सरकवा. दोन्ही बाजूंनी जुळला की जमिनीवर खूण करा. केबिनचं ठिकाण ठरलं ते तेव्हा.

मागचं चाक यानंतर बघायचं. तेही ओळंब्यानेच.

नवापाना

उत्तम धागा. दोन प्रश्न. ११७.९ ची चासी मिळाली तर ते १.९ इंच कसे जिरवायचे? आणि आखूड हौद्याची चासी जवळपास फुकट मिळत असेल तर ती वाढवणं इतकं वाईट का?

ओळंबा

पहिल्याचं उत्तर: मागच्या पाट्यांचे पुढचे आणि मागचे हँगर दोन्ही ४८ मिलिमीटर पुढे घ्या. हँगर रिव्हेटने बसवलेले असतात. रिव्हेटची डोकी ग्राइंडरने उडवून पंचने खाली पाडा, नवी भोकं पाडा आणि ग्रेड ८ चे बोल्ट वापरा. भोक बोल्टाला घट्ट हवं, सैल भोकात हँगर सरकतो आणि धुरा तिरपा होतो. प्रोपेलर शाफ्टही तेवढाच आखूड करावा लागेल. काही जण धुरा जागच्या जागी ठेवून हौदाच मागे सरकवतात, पण मग केबिन आणि हौदा यांच्यातली फट रुंद होते आणि ती लपत नाही.

दुसऱ्याचं: वाढवणं वाईट नाही, पण कापलेल्या चासीत एक जोड येतो आणि वाढवलेल्या चासीत दोन. शिवाय घालायच्या तुकड्याचा आडवा छेद मूळ चासीसारखाच हवा. म्हणजे दुसऱ्या एस-१० ची चासी लागणार. मग फुकट काय मिळालं?

झाळ

जोडाबद्दल सविस्तर लिहितो, कारण या प्रकारात जीव जातो तो इथे.

चासी सरळ आडवी कापून परत टोकाला टोक लावून झाळायची नाही. चासीची वरची पट्टी आणि खालची पट्टी (फ्लँज) यांच्या कापांत सहाएक इंचांचं अंतर ठेवा आणि मधला उभा भाग पायरीसारखा किंवा तिरका कापा. असं केलं की वाकण्याचा ताण एकाच रेषेत येत नाही. जागा निवडताना चासी सरळ आणि समांतर असलेला पट्टा बघा: गिअरबॉक्सच्या आडव्या पट्टीच्या मागे आणि मागच्या पाट्यांच्या पुढच्या हँगरच्या पुढे. धुऱ्यावर चासी जिथे वर उचलली जाते तिथे कधीच नाही.

कापण्याआधी दोन्ही बाजूंना, कापाच्या पुढे आणि मागे, सेंटर पंचने खुणा मारा. त्या खुणांमधलं अंतर लिहून ठेवा. १७५ मिलिमीटर काढायचे असतील तर शेवटी त्या खुणांतलं अंतर बरोबर १७५ ने कमी झालेलं दिसलं पाहिजे, डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना. ग्राइंडरच्या चकतीची जाडी आणि मुळाशी ठेवलेली दोन मिलिमीटरची फट यात लोक हमखास चुकतात.

कडा ३० अंशांत घासा. चासीवरचा मेणाचा थर आणि गंज दोन्ही बाजूंनी किमान दोन इंच उघड्या लोखंडापर्यंत काढा, नाहीतर झाळ सच्छिद्र येईल. मिग वेल्डिंगला ०.०३५ इंचाची ईआर७०एस-६ तार, ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. आधी कापून काढलेल्या तुकड्यावरच चाचणी घ्या, तो तुकडा आडवा कापा आणि झाळ पूर्ण आत उतरली का ते डोळ्यांनी बघा. मग चासीवर फक्त टॅक (झाळीचे छोटे तात्पुरते ठिपके) मारा. आडवी-तिरपी मापं घ्या: डावीकडच्या पुढच्या ठरावीक भोकापासून उजवीकडच्या मागच्या भोकापर्यंत, आणि उलट. दोन तिरप्यांत एका सुतापेक्षा, म्हणजे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मापं जुळली की दीड-दोन इंचांचे टाके बाजू बदलत मारा. एका बाजूला सलग झाळत गेलात तर चासी त्या बाजूला खेचली जाते.

शिवाय आधाराची पट्टी: उभ्या भागावर, आतून, चासीच्याच जाडीची, किमान १२ इंच लांब, टोकं निमुळती. पट्टीत अर्ध्या इंचाची भोकं पाडून तिथे भरावाची झाळ द्या. पट्टीच्या टोकाला उभी झाळ मारू नका. आणि चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर जोडाशिवाय दुसरी आडवी झाळ नको, भोकही नको. तडा तिथूनच सुरू होतो.

बॅटरी सोडा, इंजिनचा कॉम्प्युटर काढून बाजूला ठेवा, इंधन टाकी आणि प्लास्टिकच्या नळ्या काढल्याशिवाय ठिणगी पाडू नका.

ज्यांना मिग नीट येत नाही त्यांनी टॅकपर्यंत सगळं स्वतः करावं आणि शेवटची झाळ चासीचं काम रोज करणाऱ्या वेल्डरकडून घ्यावी. यात कमीपणा नाही. ही झाळ चालवणाऱ्याच्या आणि समोरून येणाऱ्याच्या जिवाची आहे.

कमानपाटा

झाळ यांच्या प्रतिसादाला +१. वाचनखूण साठवली.

रुंदीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून भर घालतो. एस-१० अरुंद गाडी आहे. दोनचाकी-ड्राइव्हचा मागचा धुरा चाक बसतं त्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत सुमारे ५४ इंच. ३१०० च्या मडगार्डखाली चाकं आत ओढल्यासारखी दिसतात, मोठ्याचा सदरा घातलेल्या मुलासारखी. मागचा उपाय सोपा: चारचाकी-ड्राइव्ह एस-१० किंवा त्याच जातीच्या ब्लेझरचा मागचा धुरा, जो सुमारे ५९ इंचांचा असतो. बोल्टांचं वर्तुळ तेच, पाच बोल्ट ४.७५ इंचांवर. पाट्यांच्या बैठकांचं अंतर मात्र स्वतः मोजा, जुळलं नाही तर बैठका कापून नव्या झाळा. त्या कायमच्या झाळण्याआधी पिनियनचा (डिफरन्शियलच्या तोंडाचा, जिथे शाफ्ट जोडतो) कोन बसवायचा: गिअरबॉक्सचं तोंड तीन अंश खाली असेल तर पिनियन एक-दोन अंश वर. जोर दिल्यावर पाटे वळतात आणि पिनियन आणखी थोडा वर उठतो, त्यासाठी तेवढी जागा ठेवायची. हे चुकलं तर ठरावीक वेगाला केबिनमध्ये थरथर येते आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे जॉइंट) लवकर जातात. लोक तेव्हा चाकं बॅलन्स करत बसतात.

पुढे धुरा बदलायची सोय नाही. तिथे कमी बॅकस्पेसिंगची (हबला टेकणाऱ्या तोंडापासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर कमी असलेली) रिम किंवा स्पेसर. आधी रिम विकत घेऊ नका. गाडी खऱ्या उंचीवर असताना हबच्या तोंडापासून मडगार्डच्या ओठापर्यंत पट्टी धरा, टायरची रुंदी त्यात बसवून बघा, स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा आणि सस्पेन्शन वर उचलूनही बघा. टायर आणि ओठ यांत सगळ्यात वाईट अवस्थेत एक इंच मोकळा हवा. स्पेसर घेतलाच तर हबवर नेमका बसणारा घ्या. एस-१० चे स्टड १२ मिलिमीटरचे, आट्याचं अंतर दीड मिलिमीटर, तेव्हा नट किमान आठ पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. सहा फेऱ्यांवर आवळला गेला म्हणून सोडू नका.

मूळ सहा बोल्टांच्या रिम या हबवर बसणार नाहीत. जुन्या टोप्या हव्या असतील तर पाच बोल्टांच्या, टोपीच्या क्लिप असलेल्या पोलादी रिम बाजारात मिळतात.

गॅरेजकाका

थोडा विरोधी सूर लावतो. मंडळी एस-१० कडे वळतात ती 'स्वस्त आणि सोपं' असं ऐकून. पहिलं बऱ्यापैकी खरं, दुसरं नाही. ३१०० ची मूळ चासी सरळ आणि न गंजलेली असेल तर तिलाच पुढे मस्टँग-२ पद्धतीचं (फोर्डच्या त्या गाडीवर बेतलेलं) स्वतंत्र सस्पेन्शन झाळून किंवा बोल्टने बसवता येतं आणि मागे उघड्या शाफ्टचा धुरा नव्या पाट्यांवर घेता येतो. त्यात केबिनचे माउंट, फुटबोर्डचे ब्रॅकेट, हौद्याचे बोल्ट, रेडिएटर सपोर्ट, बम्परचे ब्रॅकेट सगळं मूळ जागी राहतं. एस-१० मध्ये यातली एकही गोष्ट जागेवर बसत नाही. सस्पेन्शनवर वाचलेले पैसे ब्रॅकेट बनवण्याच्या तासांत जातात.

आणि पुढे कधी कोणाला गाडी मूळ रूपात न्यायची असेल तर कापलेली केबिन आणि टाकून दिलेली चासी परत येत नाही. या गाड्या आता बनत नाहीत.

ओळंबा

काका, सहमत आहे. मूळ चासी चांगली असेल तर तीच ठेवावी, हे धाग्याच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. एस-१० चा मार्ग तेव्हाच घ्यावा जेव्हा मूळ चासी नाहीच, तुटलेली आहे किंवा आधीच कोणी कापून ठेवली आहे, आणि चालू स्थितीतली अख्खी एस-१० हाताशी आहे. अख्खी म्हणजे वायरिंग, पेडल, इंधन टाकी, स्टीअरिंग कॉलम यांसह. नुसती चासी आणून बाकीचं एकेक विकत घेतलं तर मस्टँग-२ स्वस्त पडतं.

सूतभर

क्रायस्लरच्या डॉज डकोटाचाही विचार व्हावा. मध्यम आकाराची गाडी असल्याने चाकांची रुंदी ३१०० ला जास्त शोभते, आणि दोनचाकी-ड्राइव्हला पहिल्यापासून रॅक-पिनियन स्टीअरिंग आहे, त्यामुळे स्टीअरिंग बॉक्सच्या जागेची अडचण नाही. १९८७ ते १९९६ च्या पिढीत आखूड व्हीलबेस सुमारे ११२ आणि लांब सुमारे १२४ इंच. म्हणजे लांब चासी आठ इंचांनी कापावी लागते. शेवरलेवर शेवरलेचंच इंजिन हवं असणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण मापाने गाडी चांगली बसते.

नवापाना

केबिनचे माउंट नेमके कसे करायचे? मूळ गाडीत मागे शॅकलसारखं काहीतरी दिसतं.

ओळंबा

बरोबर पाहिलंत. मूळ चासी लवचीक होती, ती पिळवटली तरी केबिन पिळवटू नये म्हणून मागचे माउंट शॅकलवर, म्हणजे झुलत्या कडीवर. आता एस-१० वर रबरी किंवा पॉलियुरेथेनचे गोल बुश वापरतात, मधे पोलादी नळी, वर-खाली मोठे वायसर. नळी नसेल तर बोल्ट आवळताना बुश चेपून जातो आणि सहा महिन्यांत केबिन खडखडायला लागते. ब्रॅकेट ५ मिलिमीटर पत्र्याचे, तीन बाजूंनी बंद. केबिनच्या बाजूनेही दुहेरी पत्रा हवा, कारण ३१०० चा मजला माउंटच्या आसपास आणि पायाच्या उतारावर हमखास कुजलेला असतो.

आणि म्हणूनच केबिनचा गंज आधी काढायचा, चासीवर ठेवण्याआधी. खालचे कोपरे, दाराखालचा उंबरा, पुढचे खांब खाली जिथे संपतात ती जागा. हे कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा चौकोनी पाइप टॅक करून ठेवा. पाइप न लावता उंबरा कापला तर चौकट उघडते आणि मग दार कधीच बसत नाही.

माउंटचे चारही बोल्ट हळूहळू, थोडे थोडे आवळा, आणि प्रत्येक वेळी दार बंद करून फट बघा. सर्वत्र साधारण दीड सूत हवी. मागच्या खांबाकडे फट वर रुंद आणि खाली चिमटलेली दिसली तर दाराचा मागचा भाग त्याच्या चौकटीपेक्षा पुढे झुकलाय. अशा वेळी बिजागरीला हात लावू नका. त्या बाजूच्या मागच्या माउंटखाली पातळ पत्र्याचा एक तुकडा घाला, परत आवळा, परत दार लावा. दोन-तीन तुकड्यांत फट सरळ होते आणि कुलपाची जीभ आपली आपण खाचेत पडते, 'टक' असा एकच आवाज करून. तो आवाज आला की माउंटला पूर्ण झाळ मारायची. त्याआधी फक्त टॅक.

एस-१० चे स्वतःचे केबिन ब्रॅकेट कापताना चासी खरवडू नका. झाळीच्या एक मिलिमीटर बाहेरून कापा आणि उरलेलं फ्लॅप डिस्कने सपाट करा.

रेडिएटर सपोर्टचा माउंट सगळ्यात शेवटी. बोनेट आणि काचेखालच्या पट्टीतली फट त्यानेच ठरते. पुढच्या आतल्या मडगार्डना वरच्या आर्मसाठी खाच द्यावी लागेल, आणि पुढे आलेली एस-१० ची बम्परची शिंगं कापावी लागतील. रेडिएटर आणि पंख्याची मूळ एस-१० जोडी सहसा जुळत नाही. विजेचा पंखा घ्या.

झाळ

स्टीअरिंगचं राहिलं. कॉलमपासून बॉक्सपर्यंतचा शाफ्ट सरळ येत नाही, एक्झॉस्टची नळी मधे येते. एका जॉइंटला ३० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका. दोन जॉइंटमध्ये भागत नसेल तर तिसरा टाका, पण तिसरा आला की मधे आधाराची बेअरिंग हवीच. नाहीतर शाफ्ट मधेच चाबकासारखा हलतो. दोन्ही टोकांच्या जॉइंटचे काटे (योक) एकाच रेषेत ठेवा. स्टीअरिंग वळवताना जड-हलकं-जड लागलं तर काटे चुकलेत असं समजा. शाफ्टवर झाळ मारू नये. सपाट बाजूंचा शाफ्ट आणि बोल्टने आवळणारे जॉइंट मिळतात.

वायरमन_दादा

ब्रेक आणि वीज दोन्ही माझ्या आवडीचे विषय, एकत्रच घेतो.

३१०० ची ब्रेक पेडल मजल्यातून वर येतात, मास्टर सिलिंडर खाली चासीवर. एस-१० ची लोंबती पेडल आणि काचेखालच्या भिंतीवरचा बूस्टर वापरायचा तर त्या भिंतीला आतून जाड पत्र्याचा आधार द्या. ३१०० चा पत्रा एकटा पायाचा जोर घेत नाही, भिंत आत-बाहेर होते आणि पेडल स्पंजसारखं लागतं. हवा राहिली समजून लोक पुन्हा पुन्हा ब्रेक ब्लीड करतात. कोणाला तरी पेडल दाबायला लावून भिंतीवर बोट ठेवा, लगेच कळेल.

मास्टर मजल्याखाली ठेवला तर तो कॅलिपरपेक्षा खाली येतो आणि ऑइल परत वाहून येतं. पहिलं पेडल खोल जातं, दुसऱ्याला ब्रेक लागतो. त्यासाठी डिस्कच्या लाइनमध्ये २ पीएसआयचा आणि ड्रमच्या लाइनमध्ये १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह, जो लाइनमध्ये तेवढा दाब धरून ठेवतो. डिस्कला चुकून दहाचा लावला तर पॅड घासत राहतात आणि चाक तापतं.

इंधन: १९४९ पासूनच्या ३१०० मध्ये टाकी सीटच्या मागे, केबिनच्या आत. ती काढा. एस-१० ची टाकी चासीच्या डाव्या बाजूला, पंप टाकीच्या आतच, ती तशीच ठेवा. ४.३ लिटर व्ही-६ ला थ्रॉटल बॉडी इंजेक्शन असेल तर दाब ९ ते १३ पीएसआय, नंतरच्या व्हॉर्टेकला (त्याच इंजिनाची सुधारित आवृत्ती) ६० च्या आसपास. म्हणून रबरी नळी इंजेक्शनच्या दर्जाचीच हवी.

आता मीटर. जुन्या ३१०० चा इंधन काटा ० ते ३० ओहमवर चालतो. एस-१० च्या टाकीतला सेंडर (इंधनाची पातळी काट्याला कळवणारा भाग) जुन्या वर्षांत ० ते ९० ओहम, नंतरच्या वर्षांत ४० ते २५०. जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजा. ० ते ९० चा सेंडर जुन्या काट्याला तसाच जोडला तर टाकी एक तृतीयांशापर्यंत उतरेपर्यंत काटा 'भरलेली'च दाखवतो आणि मग एकदम खाली येतो. उपाय: मधे ओहम बदलणारा डबा, किंवा जुन्या तबकडीमागे नवं यंत्र. जुने मीटर सहा व्होल्टचे, तेव्हा इंधन काट्याला व्होल्टेज कमी करणारा भाग लागेल. दिवे आणि हीटरची मोटर बारा व्होल्टची घ्या. वायपर मूळचे व्हॅक्यूमवर चालणारे. ते बदलून विजेचे घ्या, पावसात चढावर जोर दिला की व्हॅक्यूमचे थांबतात.

वायरिंग एस-१० चं अख्खं काढा, कापू नका. प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी बांधा. १९९६ पासून ओबीडी-२ (इंजिनातले दोष नोंदवणारी प्रमाणित यंत्रणा) आहे, १९९८ पासून चावीच्या कुलपातला सेन्सर तपासणारी पासलॉक ही चोरीरोधक यंत्रणा. ती कॉलमशी जोडलेली असते. कॉलम बदलला की इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं. कॉम्प्युटरमधून ती बंद करून घ्या किंवा एस-१० चाच कॉलम ठेवा. मागच्या चाकांची एबीएस काढली तर तिची लाइन योग्य प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हमधून (मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारा) न्या.

पुणेरी_पिस्टन

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. भारतात एखाद्या जुन्या गाडीची बॉडी नव्या पिकअपच्या चासीवर बसवता येईल का?

सूतभर

कायद्याने नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या उत्पादकाच्या मूळ तपशिलांत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. २०२१ च्या व्हिंटेज नियमांचा आधार घ्यावा म्हटलं तर तिथे अट उलटी आहे: गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं. चासी बदललेली गाडी त्यात बसत नाही. आपल्याकडे जुनी गाडी मूळ चासीवरच उभी करावी.

अमेरिकेतही कागद सोपे नाहीत. दोन गाड्यांचे दोन ओळख-क्रमांक असतात: ३१०० ची पाटी दाराच्या खांबावर, एस-१० चा क्रमांक डॅशवर आणि चासीवरही ठोकलेला. बरीच राज्यं अशा गाडीला 'जोडलेली' किंवा 'खास बांधलेली' म्हणून नोंदवतात. कॅलिफोर्नियात खास बांधलेल्या गाड्यांना दरवर्षी ५०० च धूर-सवलतीची प्रमाणपत्रं मिळतात, आधी येईल त्याला आधी. रेफरीकडे (राज्याच्या धूर-तपासनिसाकडे) तपासणी वेगळीच. एका गाडीची पाटी काढून दुसरीला लावणं हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. दोन्ही गाड्यांचे मूळ कागद आणि चासी कापतानाचे फोटो जपा. काम सुरू करण्याआधी आपल्या राज्याच्या मोटार विभागाकडून लेखी विचारून घ्या.

कमानपाटा

हौद्याचं कोणी लिहिलं नाही. ३१०० चा हौदा ७८ इंच लांब, ५० रुंद, तळाला लाकडी फळ्या आणि मधे पोलादी पट्ट्या. एस-१० ची चासी मागच्या धुऱ्यावर वर उचलली जाते, त्यामुळे हौदा मूळ उंचीला ठेवला तर तळ चासीला लागतो. तळाच्या फळ्या वर उचला, बाजूचा पत्रा मूळ जागीच ठेवा. बाहेरून रेषा बिघडत नाही, आतून खोली थोडी कमी होते. धुरा पूर्ण वर आल्यावर फळीला लागत नाही ना, ते पाटे सोडून बघा. मागचे मडगार्ड हौद्यालाच बोल्टने असतात, म्हणजे हौदा जागी बसला की मागच्या कमानीत पुन्हा ओळंबा. फुटबोर्डचे ब्रॅकेट त्यानंतर. फुटबोर्ड पुढच्या आणि मागच्या मडगार्डला जोडतो, आधी केलात तर परत कापावा लागेल.

नवापाना

सगळ्यांचे आभार. शेवटचं: गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढताना काय बघावं?

ओळंबा

सगळं सुटं करून, झाळीवर प्राइमर आणि चासीला रंग लावून परत जोडल्यावरच रस्त्यावर काढा. प्रोपेलर शाफ्ट गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत ढकलून तिथून २० ते २५ मिलिमीटर बाहेर असला पाहिजे, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. व्हील अलाइनमेंट आधी करून घ्या. टो-इन (चाकांची पुढची तोंडं आत वळणं) एकूण अर्धा सूत, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) शून्याच्या आसपास, कॅस्टर (स्टीअरिंगच्या आसाचा मागे कल) दोन-तीन अंश आणि दोन्ही बाजूंना सारखा.

पहिले काही मैल मोकळ्या रस्त्यावर, ३० च्या आत. परत येऊन चारही हबवर हात ठेवा, एक जास्त गरम असेल तर ब्रेक घासतोय. ५० मैलांनंतर व्हील नट, यू-बोल्ट, हँगरचे बोल्ट आणि केबिनचे माउंट पुन्हा आवळा. व्हील नट सुमारे १०० फूट-पाउंडवर, टॉर्क पान्यानेच. यू-बोल्ट नवेच वापरा, जुने एकदा ताणले गेलेले असतात. ५०० मैलांनंतर चासीचे जोड तारेच्या ब्रशने घासून उजेडात बघा. रंगात केसाएवढी रेघ दिसली तर ती रंगाची आहे असं धरून चालू नका. रंग काढा आणि डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारं रंगीत द्रव) मारून तपासा.

झाळ

डाय पेनिट्रंट मारण्याआधी जोड नीट कोरडा आणि तेलमुक्त करा. लाल रंग दहा मिनिटं ठेवा, कपड्याने पुसा, थेट फवाऱ्याने धुऊ नका, मग पांढरी पावडर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटत येते. उमटली तर गाडी घोड्यांवर घ्या आणि इथे फोटो टाका.